कमरेला बांधलेला घोडा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या मामाचं. वडील गेल्यावर आई मला घेऊन आंबागडला माहेरी आली, तेव्हा मी रांगत होतो. मामाने मला वाढवलं, शिकवलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं. आज मी भंडाऱ्याला एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो.

मामा धानाची शेती करायचा आणि लग्नसराईत वरातीपुढे घोडा नाचवायचा. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, वर लाल कापड, पुढे मान, मागे शेपटी. मधल्या भोकात मामा उभा राहायचा आणि सांगाडा कमरेला करकचून बांधायचा. मग कमरेखाली घोडा, वर हसरा मामा. मलाही नाचायचं असायचं. तो म्हणायचा, "तुले पुस्तक धरायचं हाय. घोडा मी हाय ना."

आमच्याकडे भाच्याला देवासारखं मानतात. मामाच भाच्याच्या पाया पडतो, भाच्याने मामाच्या पडायचं नसतं. मी परीक्षेला निघालो की मामा अंगणात वाकायचा. मला लाज वाटायची, पण रीत म्हणून मी गप्प उभा राहायचो.

माझ्या लग्नात त्याने घोडा बांधला. गुडघे दुखत होते, आई नको म्हणत होती. "माह्या भाश्याच्या वरातीत दुसऱ्याचा घोडा नाचन का?" एवढंच तो बोलला. पुढे माझ्या मित्रांनी फटाक्यांची लड लावली. त्यातला एक फटाका उडून त्याच्या पायाशी फुटला. मामा दचकून उडाला आणि कमरेला बांधलेल्या सांगाड्यासकट पडला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून तो खाटेवरच आहे. त्याचं सगळं त्याची मुलगी, माझी मामेबहीण ताई करते. स्वतःच्या संसाराचं नाव तिने काढलेलं नाही.

मागच्या खेपेला त्याला हसवावं म्हणून मी ग्रीक पुराणातल्या सेंटॉरांची गोष्ट काढली. कमरेखाली घोडा, वर माणूस.

"म्हंजे मी येकटाच नाही," मामा म्हणाला.

त्यांच्यातला एक मोठा गुरू होता, असं मी सांगितलं. त्याचं रूप पाहून आईने त्याला टाकलं. एका देवाने त्याला वाढवलं, विद्या दिली. मग त्याने डोंगरातल्या गुहेत दुसऱ्यांची पोरं वाढवली. त्यांना औषधी वनस्पती, धनुष्यबाण, गाणं शिकवलं. त्यांतले काही त्याच्याच नात्यातले होते.

"आन त्याची बायको, पोरं?"

"बायको त्या मुलांचं पाहायची. एक मुलगी होती. पुढचं भविष्य सांगायची."

मामेबहीण दारातूनच बोलली, "तिले कोनं शिकवलं का नाही, तेही सांग. का तिले शेपटीच धरायले ठेवलं होतं?"

मामा हसला. मग मी बोलण्याच्या ओघात सांगून बसलो की एका शिष्याचा विषारी बाण चुकून त्या गुरूलाच लागला. तो अमर होता, म्हणून मरण येईना. आणि इतकी औषधं माहीत असून जखम बरी होईना. बोलता बोलता मी थांबलो. मामा माझ्याकडे पाहत होता.

"मंग? त्याले मरन आलं का?"

गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. मामाला वाकता येत नव्हतं. त्याने खाटेची कड थोपटली. "पाय इथं ठेव, भासा." मी उजवा पाय खाटेवर ठेवला. त्याने पडल्या पडल्या हात लांबवून पावलाला लावला आणि कपाळाला नेला. तुमसरपर्यंत मला बसच्या खिडकीबाहेर काही दिसलं नाही.

फोनवर त्याला नीट ऐकू येत नाही. म्हणून मी हे पत्र पाठवलं.

"मामा, ताई वाचून दाखवेल.

त्या दिवशी मी गोष्ट अर्धी टाकून निघालो. त्याला मरण आलं. त्याने ते मागून घेतलं. दुसरा एक जण साखळदंडात बांधलेला होता. त्याची सुटका व्हावी म्हणून गुरूने आपलं अमरपण सोडलं. देवांनी त्याला आकाशात जागा दिली.

हे मी सांगितलं नाही, कारण आपण गेलो की ताई सुटेल, असं तुमच्या मनात येईल याची मला भीती वाटली. तुम्ही तिला तसं बोललातही, हे तिने मला सांगितलं आहे. मामा, तुमच्यापायी कोणी बांधलेलं नाही. ताईने हे वाक्य मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, तेव्हा ती इथे दोनदा वाचेल.

तुमचं दुखणं बरं होईल, असं मी लिहीत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं ते तुम्हालाही सांगितलं आहे.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला मी येतो आणि महिनाभर राहतो. तेवढे दिवस तुमचं सगळं मी करीन, ताई तिला जायचं तिथे जाईल. मी आलो की मला पाय खाटेवर ठेवायला सांगू नका. या वेळी मी वाकणार आहे. रीत मोडली म्हणून आई रागावली, तर तिला तुम्ही समजावा.

तुमचा भासा"