गालावर पारखलेली कात्री

यमुनाबाई गेल्याचं मला तिच्या टोळीने सांगितलं, तेही टेम्पोतून उतरता उतरता. पेठ तालुक्याकडच्या बायकांची ही टोळी दर हंगामात द्राक्षांच्या विरळणीला पिंपळगाव बसवंतला येते; यमुनाबाई तिची मुकादम. मी नेहमीसारखा नव्या कात्र्यांचा खोका घेऊन भांडणाच्या तयारीने उभा होतो. पुढच्या सीटवरून तिच्याऐवजी तिची लेक हिरा उतरली. "आई पावसाळ्यातच गेली, दादा. ताप आला, चार दिवसांत..." तोंडाशी आलेलं भांडण तिथेच राहिलं. त्याला आता महिना झाला.

माझा तिच्यावर राग होता, हे आधीच सांगतो. सातपूरला दुसऱ्याच्या लेथवर वर्षानुवर्षं राबून मी स्वतःची शेड टाकली आणि विरळणीच्या कात्र्या बनवायला घेतल्या. घडात मणी दाटीने धरतात. मधले कापून काढले तरच उरलेले फुगतात. मी कात्री काढली सुईसारखी टोकदार. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळवलं, बागायतदारांच्या संस्थेत एकेका टेबलाशी हुज्जत घातली, पहिली ऑर्डर जवळजवळ हातात आली. शेड टिकणार की पुन्हा दुसऱ्याच्या लेथवर उभं राहायचं, ते त्या एका ऑर्डरवर होतं. संस्थेची खरेदी समिती बागेत आली आणि अध्यक्षांनी सहज म्हणून कात्री यमुनाबाईच्या हातात दिली. तिने पात्याला हातही लावला नाही. टोक आपल्या गालावरून ओढलं आणि म्हणाली, "ही नाय चालायची. गालाला टोचती, म्हंजे शेजारच्या मण्याला टोचणार. मग आख्खा घड नासंल."

ऑर्डर गेली. मी कात्री बागेत भिरकावली आणि सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो, "माझ्या पोटावर पाय दिलास! त्या कागदावर काय लिहिलंय ते तरी वाचता येतं का?" ती हसली! "कागद तू धर, शेठ. कात्री आम्ही धरतो. एक दिवस आमच्या ओळीत उभा राहा, मग बोल." मी म्हटलं, एक तास. "दिवस." अर्धा दिवस. "भाकर आमची, दिवस तुझा." आयुष्यात घासाघीस हरलो ती एवढीच.

दुसऱ्याच दिवशी ओळीत उभा राहिलो, आणि काय दिवस होता तो! मांडवाखाली हात वर करून मान आखडली. दुपारपर्यंत माझ्याच कात्रीने मी किती मणी भोसकले, याला गणती नाही. नागलीची भाकरी हातावर ठेवतानाही बायका सोडत नव्हत्या: "कारखानदार, बोटं कापू नका, विरळणी मण्यांची हाय!" पण संध्याकाळी परतताना माझ्या डोक्यात ठिणग्या उडत होत्या. शेडमध्ये शिरलो तो थेट ग्राइंडरवर. टोकं गोल केली. गालाला लावली... टोचत नव्हती, आणि कापत मात्र होती!

तर संस्थेचा नियम आडवा: नापास झालेला माल त्या हंगामात पुन्हा पाहायचा नाही. मी शिव्या देत खोका उचलला. यमुनाबाई मात्र टोळीसकट कार्यालयात शिरली. "नापास मी केला ना? मग पासही मीच करती. लिवा." कारकून म्हणाला, बाई, असा रकानाच नाही फॉर्मात. "मग आखा की! पट्टी नाय का?" अध्यक्ष हसले, रकाना आखला गेला आणि ऑर्डर परत आली. आजही बायकांनी वापरून पाहिल्याशिवाय ही संस्था कात्री घेत नाही. धंद्याला हिंमत लागते, असं मला भाषणात सांगायला लावतात. अहो, हिंमत माझ्याकडे पोतंभर होती. ती प्रमाणपत्र घेऊन दारात तिष्ठत होती. दार उघडलं त्या रकान्याने. पण संस्थेने शाल घातली मला, आणि तिला साधी खुर्ची दिली नाही. हे मी विसरलेलो नाही. आणि तिने तरी काय, इतक्या वर्षांत "बरी हाय" याच्यापुढे माझं कौतुक कधी केलं नाही!

महिन्यापूर्वी त्या दिवशी टेम्पोशेजारी हिराने पिशवीतून एक कात्री काढली. मुठीला लुगड्याची चिंधी. "आई हीच वापरायची." मी पातं ओळखलं. बागेत भिरकावलेली तीच! टोक दगडावर घासून गोल केलेलं.

"कधी घासली?"

"तुम्ही फेकली ना, त्याच सांजेला."

म्हणजे उत्तर तिच्याकडे आधीच तयार होतं. तरी मला दिवसभर उभं केलं! मी ती गालावरून ओढली. टोचली नाही.

तोवर हिराने माझ्या खोक्यातली नवी कात्री उचलून गालाला लावली होती. "दादा, हिचं टोक अजून घासावं लागंल."

"काय म्हणालीस?" मी ओरडलो, आणि खोका उचलून शेडकडे निघालो.