जमिनीवर अंथरलेलं जाळं

बेटेगावच्या आमच्या शेतकरी घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मुंबईला राहून चित्रकलेची पदवी घेतली, बोईसरला परत आलो आणि क्लास काढला. हे मी आजही मान वर करून सांगतो. पुढचं सांगताना मान तेवढी वर राहत नाही.

क्लासला येणारी पोरं एकच चित्र काढायची. डोंगर, मधून नदी, नदीत होडी. मी ओरडायचो, "अरे, ही होडी तुमच्या मास्तरांच्या मास्तरांनी काढलीय. आज लोक काय करतायत ते बघा." दरवर्षी त्यांना मुंबईला नेऊन आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं दाखवायचो. एकदा एका दालनात जमिनीवर जुन्या साड्या अंथरल्या होत्या. त्यांच्यावरून चालायचं, हीच ती कलाकृती. माझी पोरं भिंतीला घासत कडेकडेने गेली. मी हसलो. "चाला रे बिनधास्त, कोणी ओरडणार नाही."

त्या पोरांत जवळच्या दांडी गावची एक मुलगी होती. वडील मच्छीमार, आई सुकी मासळी विकायची. मुलीचा हात असा, की तिच्या कागदाला मी कधी पेन्सिल लावली नाही. तिला मुंबईच्या कला महाविद्यालयात जायचं होतं. अर्जावर वडिलांची सही तेवढी हवी होती. "आधी तुमचं प्रदर्शन बघतो, मग बोलू," असा त्यांचा निरोप आला होता.

आमच्या क्लासच्या प्रदर्शनासाठी तिने घरातलं जुनं जाळं आणलं. खाडीतल्या कचऱ्यात अडकून ते जागोजागी फाटलं होतं. प्रत्येक भोकाच्या कडेने तिने लाल दोरा ओवला होता. ते छताला टांगायचं आणि त्या भोकांतून पलीकडची माणसं दिसावीत, असं तिच्या मनात होतं.

"टांगलेलं जाळं हॉटेलातही असतं," मी म्हणालो. "खाली अंथर. लोकांना वरून चालू दे."

"खाली नको, सर."

"का?"

"पप्पा येणार हायत."

मला वाटलं, लाजतेय. "मग त्यांनाही कळू दे आजची कला," म्हणालो आणि एक टोक मीच धरलं.

वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले. तेव्हा इथल्या एका कारखान्यातले दोन सुपरवायझर बुटांसकट जाळ्यावर उभे राहून फोटो काढत होते. "सर, मस्त बनाया है!" वडिलांनी दारातच चपला काढल्या. कडेने येऊन खाली वाकले आणि जाळ्याचं टोक उचललं.

"मास्तर, हे जालं माज्या बापाचं. नारळी पुनवेला आमी याला हळदकुंकू लावतो. पाय नाय देत."

"माफ करा, मला माहीत नव्हतं."

"तुमी शेतीवाले ना? तुमच्या घरी नांगरावर चपला घालून चालतात?"

आमच्याकडे सुपाला पाय लागला तरी हात जोडतात.

"धर दुसरं टोक," ते मुलीला म्हणाले. सगळ्यांसमोर दोघांनी जाळं गुंडाळलं आणि नेलं.

आठवड्याने मी अर्ज घेऊन दांडीला गेलो. ते अंगणात जाळं सांधत बसले होते. लाल दोरे उसवून बाजूला टाकले होते.

"सही नाय, मास्तर. इथं जाल्यावर चालवलंत. तिकडे आणि कशाकशावर चालवतील."

मुलगी मागे बांबूंवर बोंबील सुकत घालत होती. मी हळूच म्हणालो, "तूच सांग ना त्यांना. टांगायचं तुझंच म्हणणं होतं."

"काय सांगू, सर? अंथरताना मी पण पाय दिला. त्यांना ठाऊक नाय." तिने पुढचा बोंबील उचलला.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपली.

पोरांना मी अजूनही मुंबईला नेतो, आजची कला बघायला सांगतो. ते सांगणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. ती मुलगी आता बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. रस्त्यात दिसलो तर "सर" म्हणते आणि कडेने निघून जाते.