तेलकट लागलेला तुकडा

दोन वर्षांपूर्वी मुलगी अमरावतीहून नेरला घरी आली ती सुती कापडाचे चार काळपट निळे तुकडे घेऊन. ती रसायनशास्त्रात संशोधन करते. तुकड्यांवर तिनं स्वतः बनवलेलं, प्लॅस्टिकच्या जातीचं काहीतरी चढवलं होतं. त्यातून वीज जाते म्हणाली. मला पटेना, तेव्हा मीटर लावून दाखवलं.

"तुरीच्या खोडाले फांद्या असतात ना आई, तशा याच्या लांब साखळीले मी बाजूनं छोट्या साखळ्या जोडल्या. चारही तुकड्यांत येगळ्या. कोणती धुण्यात टिकते ते पाहाचं हाये."

जी टिकेल तिच्या तुकड्याचा दंडाला बांधायचा, छातीचे ठोके सांगणारा पट्टा होणार होता.

"मंग धुणं माह्याकडं," मी म्हणाले. तिच्या कामात मला तेवढंच जमण्यासारखं होतं.

"धुजो, पण साध्या पाण्यात. तू तं कपड्याचा रंगही काढतं."

रोज एकदा धुवायचं, सावलीत वाळवायचं, वहीत रेघ मारायची. तिसरा तुकडा बोटांना तेलकट लागे. सहाव्या दिवशी वाटलं, माझाच स्वयंपाकाचा हात लागला असेल. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून चांगला चोळला. तेलकटपणा गेला.

संध्याकाळी तिनं मीटर लावलं. तिसऱ्यात काहीच येईना. तिचे सर फोनवर होते, स्पीकर सुरू होता. "साध्याच पाण्यात धुतलं ना?" त्यांनी विचारलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही. मी हो म्हणून मान हलवली, तिनं तसं सरांना सांगितलं. नंतर आम्ही दोघीच जेवलो, तेव्हाही बोलले नाही. तिनं वहीत तिसऱ्यावर काट मारली आणि चौथ्याच्या मागे लागली. तो अजून धड टिकत नाही.

परवा फोनवर म्हणाली, तिसऱ्यासारखीच साखळी घेऊन दुसऱ्या एका मुलीनं पट्टा केला, तो चाललाही.

तेव्हा मी सोड्याचं सांगितलं.

तिनं विचारलं, "सोडा किती टाकलता?"

"मूठभर."

"पाणी?"

"हात पोळन असं."

"ते तेलकट म्हंजे माही साखळीच होती, आई. तवाच बोलली असती तं आठ दिवसांत दुसरा तुकडा केला असता."

काहून बोलली नाही, हे तिनं विचारलं नाही. परक्यापुढे माझं तोंड उघडत नाही हे तिला माहीत आहे; पण जेवताना तर आम्ही दोघीच होतो. विचारलं असतं तर निदान काही उत्तर शोधावं लागलं असतं.