शाळेला आवाज, मला कुजबुज

माझ्या बायकोला शाळेत सगळे गोष्टीबाई म्हणतात. बालवर्ग तिच्याकडे. वाघ आला की तिचा आवाज पोटातून निघतो, उंदीर आला की नाकातून. एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो, तेव्हा खिडकीतून ऐकलं आणि सरळ सांगतो, माझा जळफळाट झाला. त्या शेंबड्या पोरांना अख्खं जंगल मिळत होतं. मला संध्याकाळी मिळायचं फक्त "हं".

मी घरीच शिलाई मशीनं दुरुस्त करतो. दिवसभर बोलायला कोणी नसतं. ती आली की हात पुसत मी सुरू व्हायचो. ती डोळे मिटून खुर्चीत पडून राहायची.

मग तिचा आवाज बसला. मी म्हटलं, रजा घे. तर म्हणे, "पोरं रडतात हो."

"आणि मी काय इथे हसत बसतो? घरात नवरा आहे, भिंत नाही!"

दुसऱ्या दिवसापासून ती घरी कुजबुजायला लागली. आवाज शाळेसाठी राखायचा आणि माझं तोंडही बंद करायचं, असा तिचा हिशेब. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा गुपित सांगितल्यासारखं सांगायची. मला ते आवडायला लागलं. म्हटलं, एवढं तरी पोरांच्या वाट्याला जात नाही.

घसा मात्र बिघडतच गेला. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. आत चांगलीच सूज होती.

"शाळेत बोलता, ते समजलं. घरी काय करता?"

"कुजबुजते," ती कुजबुजली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यानं घशाला आराम नाही, उलट ताण पडतो. दिवसा ओरडायचं, संध्याकाळी कुजबुजायचं, मग घसा बरा कधी व्हायचा? असंच चाललं तर आवाज कायमचा जाईल."

तिला रजा घ्यावी लागली. शब्दही काढायचा नाही, अशी ताकीद होती. ती मुकाट्यानं घरात वावरायची, खुणांनी मीठ मागायची, आणि मी मनातून खूश होतो. मुकी का होईना, दिवसभर माझ्यासमोर होती.

पुढच्या तपासणीत थोडी सूट मिळाली. रोज एक कप चहा संपेपर्यंत बोलायचं, साध्या आवाजात. घरी येताच मी चहा टाकला आणि तिच्यासाठी घरातला सगळ्यात मोठा कप काढला. ती हसली. तोंड उघडणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात तिच्या वर्गातली एक चिमुरडी, आईचा पदर धरून. "गोष्टीबाई, राजकन्या विहिरीतून वर आली का?"

गोष्ट अर्धी राहिली होती म्हणे. मी सांगणार होतो, बाई आजारी आहेत, घरी जा. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, कप उचलला आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

मी दाराआड उभा राहिलो. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला! कुठे खरखर नाही, अडखळणं नाही. लग्न ठरवताना "नोकरी मी सोडणार नाही" असं मला ठणकावून सांगणारा तोच आवाज. त्या एवढ्याशा पोरीचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. दार मात्र मी उघडंच ठेवलं.