सुनेच्या वहीतल्या माझ्या खुणा

आमच्या सुनेला इंग्रजी झेपलं नाही, असं आमच्या नात्यात चार वर्षं बोललं जातंय. बोलणाऱ्यांनी आता तोंड बंद करावं. ते खोटं आहे, आणि ते मीच तयार केलं.

बारामतीच्या एका शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. माझी एक पद्धत होती. नवा शब्द आला की डिक्शनरी उघडायची नाही. वाक्यावरून अर्थ ताडायचा, वहीत लिहायचा, मी बरोबरची खूण केली की पाठ करायचा. खूण झालेला शब्द पुन्हा कुठे पडताळून बघितला, तर छडी.

सून सांगवीची, बारावी झालेली. लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात जागा निघाली. गिऱ्हाइकांची इंग्रजी पत्रं वाचायची आणि साहेबांना मराठीत सांगायची. साधं इंग्रजी तिला येत होतं, त्याच्या वरचे शब्द अडत. ती वही घेऊन आली.

"आबा, तुमच्याच पद्धतीनं करते. रोज वीस शब्द. तेवढं तपासून देत जावा."

माझा मुलगा माझ्याच वर्गात इंग्रजीत दोनदा नापास झालेला. आता उसाला पाणी देतो. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सांगत आलो. तेही खोटं. पोटच्या पोराला जे देता आलं नाही, ते ही परघरची पोरगी माझ्याकडूनच घेऊन जाणार, हे मला सहन होईना.

आठवडाभर नीट तपासलं. मग एके सकाळी 'रिलक्टंट'पुढे तिने 'आरामात' लिहिलेलं दिसलं. 'रिलॅक्स'वरून ताडलं असणार. मी बरोबरची खूण केली. 'कन्साइनमेंट' म्हणजे 'परवानगी'. तिथेही खूण. बरं वाटलं. पुढे रोज चार-पाच. भाकरी थापताना ती ते घोकायची आणि मी चहा पीत ऐकायचो.

मुलाखतीत तिच्या हातात एक पत्र दिलं. पाठवलेला माल घ्यायला गिऱ्हाईक नाखूश आहे, एवढंच त्यात होतं. तिने सांगितलं, गिऱ्हाईक आरामात परवानगी घेणार आहे. साहेब हसले. जागा दुसरीला मिळाली.

त्या दिवाळीत माझी बहीण सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "मास्तराच्या घरात राहून ही गत? बाई, तू आपल्या भाकरी थाप."

सगळे हसले. मीही.

गेल्या आठवड्यात अंगणात ती कपडे वाळत घालत होती. आसपास कुणी नाही बघून मी सांगून टाकलं. तिने हातातली चादर झटकली.

"म्हाईत हाय मला. मुलाखतीहून आले त्याच दिवशी मोबाईलवर बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुमी मास्तर. माझं कुणी खरं धरलं असतं?" मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हसलात चारचौघांत, आन सांगताय कोपऱ्यात. तितं सांगा की."

रविवारी बहीण आणि बाकीचे जेवायला येणार आहेत. तोंडाने सांगायला गेलो तर मी काहीतरी सारवासारव करीन, मला माझी जीभ ठाऊक आहे. म्हणून लिहिलंय. पानं वाढायच्या आधी हे सुनेने मोठ्याने वाचावं. मी समोर बसेन. मधे मी बोलायला लागलो, तर तिने थांबू नये.