घाटघरच्या धुतलेल्या मच्छरदाण्या

घाटघरला गेलो ते फिरायला म्हणून नाही. माझी ताई तिथं दिलेली आहे. तिला सातवा महिना लागला होता, आणि त्या बाजूला थंडीतापाचे पेशंट वाढल्याचं नारायणगावात कानावर आलं होतं. घट उठल्यावर तिला माहेरी आणायचं ठरलेलं. तोवर काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं, आणि मला झोप लागत नव्हती.

मलेरियावर संशोधन करणारे पुण्याचे एक डॉक्टर त्याच आठवड्यात तिकडे निघाले होते. पावसाळा सुरू होताना त्यांनी डास मारणाऱ्या औषधात बुडवलेल्या मच्छरदाण्या गावात वाटल्या होत्या. त्या वापरून ताप किती कमी होतो, हे ते बघत होते. मी काम करतो त्या गॅरेजात त्यांची जीप यायची, म्हणून मला जागा मिळाली.

जुन्नरला मिसळ खाऊन निघालो. मिसळ तिखट आहे, पण पुढं हॉटेल नाही, तेव्हा पोटभर खा. जुन्नर स्टँडवरून घाटघरची एसटी मिळते, फेऱ्या मात्र मोजक्या. परतीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा. आपटाळ्यापर्यंत रस्ता ठीक होता, पुढं खड्डे. चावंड मागं पडला की भातखाचरं सुरू होतात. बांधावर सोनकी फुलली होती आणि जीवधनचा माथा ढगात होता. वाटेत मी डॉक्टरांना विचारलं, दिवस गेलेल्या बाईला मलेरिया झाला तर काय होतं? ते म्हणाले, "आई आणि बाळ, दोघांनाही जड जातं. म्हणून तर जाळी पाहिजे."

गावाच्या अलीकडे ओढा आहे. तिथं डॉक्टरांनी जीप थांबवायला लावली. दगडांवर, झुडपांवर गोधड्या वाळत होत्या, आणि त्यांच्या शेजारी मच्छरदाण्या. पांढऱ्याशुभ्र.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतात. आमच्याकडेही धुतात. तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ताईच्या सासूबाई ओढ्यावरच होत्या. डॉक्टर म्हणाले, "मावशी, जाळ्या धुतल्या?"

"मंग? समदं घर धुतलं, आन् तुमची जाळीच तेवढी वास मारत ठेवायची व्हय?"

"त्यातलं औषध गेलं."

"वास बी गेला. लई घाण व्हता."

शेजारची बाई म्हणाली, "आमी तर सोडा घालून दोनदा आपटली, डॉक्टर."

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्याकडे औषध होतं. आजच परत बुडवून देतो, म्हणाले. पाऊस ओसरताना डास वाढतात, हेही सांगितलं. सासूबाई ऐकेनात. धुतलेल्या घरात ते औषध नको, घट उठल्यावर बघू.

मी न राहवून म्हणालो, "तोवर ताईला ताप आला तर?"

"पावण्यांना भणीची काळजी," सासूबाई बाकीच्या बायांकडे बघून म्हणाल्या. "आन् पोटातलं लेकरू आमचं न्हाई, न्हाई का?"

डॉक्टरांनी विचारलं, "घट कुठं बसतो, मावशी?"

"आतल्या खोलीत, देवापाशी."

"मग पडवीत जाळी लावली तर?"

त्यांनी हातातली गोधडी पिळून दगडावर ठेवली. "पडवीचं काय न्हाई. पर घरातली बादली देणार न्हाई."

डॉक्टरांनी जीपमधली बादली काढली. ओढ्यापासून लांब, अंगणात, रबरी हातमोजे घालून मच्छरदाण्या बुडवल्या आणि सावलीत पसरून ठेवल्या. आमचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या आणल्या. सोडावाली सगळ्यात शेवटी आली. डॉक्टरांनी ताईच्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं, तपासल्यावर कळवतो म्हणाले. नंतर नाचणीची भाकरी आणि करटुल्याची भाजी जेवलो. निघताना मच्छरदाणी पडवीत बांधून झाली होती. गाठी मी दोनदा ओढून बघितल्या. ताई हसली.

परतीला डॉक्टर म्हणाले, "पाऊस, डास, सगळं बघून वाटायची तारीख ठरवली. घरात धुणं कधी निघतं, तेवढं विचारलं नाही." घोडेगावकडच्या गावांतही त्यांनी जाळ्या वाटल्या होत्या; तिथंही हेच झालं असणार, म्हणून मला नारायणगावात सोडून ते तसेच तिकडे गेले.

नाणेघाट एवढा जवळ असून बघायचा राहिला. त्याचं वाईट वाटलं नाही. ताई जाळीखाली निजणार, एवढंच मनात धरून घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं.

"पडवीत?" आई म्हणाली. "तिथलं वारं कसं आसतं ठाऊक हाय का?"

दिवसभर मी डासांचाच विचार केला होता. आईनं कपाटातून जाड गोधडी काढली आणि सुतळीनं बांधली.

"सकाळच्या एसटीनं धाड," ती म्हणाली. "आन् कालच धुतलीया म्हणून सांग. न्हाईतर तिची सासू अंगणातच ठिवंल."