पाटील नावाचं हरीण

आमच्या बेसमेंटमध्ये एक आडवा फ्रीझर आहे. दर डिसेंबरात त्यात हरणाच्या मटणाचे पुडे पडतात, पांढऱ्या कागदात गुंडाळलेले. वरचे खाऊन संपतात, तळाचे तसेच राहतात. पुन्हा डिसेंबर येतो, पुन्हा त्यांच्यावर नवे पडतात. शिकारीच्या किश्श्यांचं तसंच होतं. कधी तळाशी हात घातला की असलं काही हाताला लागतं की आपणच म्हणतो, च्यायला, हे कधीचं?

बायको म्हणते, "फ्रीझर रिकामा करा." मंडळाच्या अंकाचा संपादक म्हणतो, "काका, किस्से लिहा." दोघांचं एकदम ऐकतोय. मी चौथी पास आहे. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा.

आता माणसं सांगतो, म्हणजे मध्ये मध्ये विचारू नका. धाकटा भाऊ वसंता डब्लिनला, आयर्लंडच्या नव्हे, ओहायोतल्या, मोठ्या कंपनीत केमिस्ट. त्यानं आम्हाला इकडं अमेरिकेत आणलं. तो कॉन्फरन्सला जातो, मी कोलंबसच्या एका वर्कशॉपात लेथवर उभा राहतो. शेजारच्या लेथवर अर्ल. साठीचा गडी, बायको वारलेली, दिवसभरात दहा शब्द बोलणार. माझे दहा शब्द कपात चहा ओतेपर्यंत संपतात. तरी आमचं जमलं.

अर्लची दक्षिणेकडं डोंगरात वडिलांपासूनची जमीन. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, म्हणजे नोव्हेंबर सरता सरता, बंदुकीचा सीझन उघडतो, आठवडाभर. त्या रानात एक मोठा नर होता. डावं शिंग सरळ वर, उजवं कानावरून खाली वळलेलं. मी त्याचं नाव ठेवलं पाटील. आमच्या गावचे पाटील देवळात सगळ्यांच्या शेवटी यायचे, आणि आले की बसलेली माणसं आपोआप उभी राहायची. हे जनावर तसंच. अर्लपण "पटील, पटील" म्हणायला लागला.

बाकीची हरणं मटणासाठी. पाटील मात्र अर्लला स्वतःला हवा होता. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. म्हणजे विचारलं होतं, बरेचदा. त्यानं सांगितलं नाही.

* * *

शिकारीच्या लायसन्सच्या आधी सेफ्टीचा क्लास करावा लागतो. वर्गात सगळी बारा-बारा वर्षांची पोरं आणि मध्ये मी, मिशा घेऊन. लेखी पेपर मला वाचता येईना, म्हणून मास्तरनं माझी तोंडी घेतली.

"झुडपात काहीतरी हललं. तू काय करशील?"

"बंदूक खाली करीन आणि ओरडीन, कोण आहे रे तिकडं?"

"कोणी उत्तर दिलं नाही तर?"

"आणखी मोठ्यानं ओरडीन!"

मास्तरनं पास केलं. मग अर्लला बाजूला घेऊन म्हणाला, "या माणसापासून कोणाला धोका नाही. हरणांनासुद्धा!"

* * *

पहिल्याच सीझनला अर्ल म्हणाला, "तू खालच्या ओढ्याकडून रान हाकत वर ये. मी टेकाडावर बसतो."

मला काय सांगतोस! माझा बाप इनामदाराच्या शिकारीत हाकेकरी होता. आठव्या वर्षापासून मी पत्र्याचे डबे बडवून रान उठवलेलं. बंदूक इनामदाराची, मटण इनामदाराचं, घसा आमचा.

मी शालनची, म्हणजे बायकोची, स्टीलची परात आणि पळी घेऊन गेलो. ओढ्यापासून जी बडवायला सुरुवात केली ती टेकाडापर्यंत. हाऽऽ हाऽऽ करून घसा बसला. इथं रान हाकणं म्हणजे गुपचूप चालत यायचं, फार तर एखादी काडी मोडायची, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

वर पोचलो तर अर्ल ओंडक्यावर बसलेला. बंदूक मांडीवर. गोळी एकही उडालेली नाही.

"हरणं आली?"

"आली. सगळी एकदम. कोल्हे आले. रानटी टर्की आल्या. पलीकडच्या शेतकऱ्याच्या गाई आल्या."

"मग मारलं का नाहीस?"

अर्लनं मांडीवरची बंदूक झाडाला टेकवली. मग म्हणाला, "आयुष्य गेलं माझं इथं. एवढी जनावरं आहेत हे आज कळलं!"

* * *

हरणाला नाक केवढं असतं हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. वाऱ्यावर असलो तर पाव मैलावरून माणूस ओळखतं. म्हणून इथले शिकारी काय काय करतात! आठवडाभर साबण लावत नाहीत. कोट गोठ्यात टांगतात. अर्ल तर बुटांना कोल्ह्याचं मूत चोळायचा. बाटलीत विकत मिळतं. वसंताला सांगितलं तर म्हणाला, "अण्णा, काहीही काय!" केमिस्ट म्हणे.

माझा कोट कुठं टांगलेला? स्वैपाकघराच्या दारामागं. रोजची फोडणी त्यात मुरलेली. हिंग, मोहरी, लसूण. मी मचाणाजवळ आलो तसा अर्लनं नाकाला रुमाल लावला. "काढ तो कोट! लांब टांग!" वीस अंश तापमान, इथलं फॅरनहाइट, म्हणजे पाणी गोठतं त्याच्याही खाली, आणि मी स्वेटरवर कुडकुडतोय. कोट दीडशे पावलांवर फांदीला.

तासाभरानं एक हरणी आली. आमच्या मचाणाकडं ढुंकून बघितलं नाही. सरळ कोटाकडं गेली. बाहीला नाक लावलं. मग खिशात तोंड घातलं. खिशात काही नव्हतं, माझी आण. डोळे अर्धे मिटून ती हुंगत उभी राहिली. देवळात बायका गाभाऱ्यासमोर उभ्या राहतात ना, तशी. आम्ही दोघं श्वास धरून बघत होतो. बंदुकीची आठवण दोघांनाही झाली नाही.

ती गेल्यावर अर्लनं आधी आपल्या बुटांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी कोल्ह्याचं मूत लावतोय!"

* * *

आता सीझन येतो नेमका मार्गशीर्षाच्या आसपास. शालनचे लक्ष्मीचे गुरुवार. त्या दिवशी घरात मटणाचं नावसुद्धा नाही.

एका वर्षी अर्लनं हरीण मारलं आणि खुशीत थेट आमच्या दारात ट्रक आणून उभा केला. गुरुवार संध्याकाळ. आत बारा-पंधरा बायका हळदीकुंकवाला आलेल्या, रेशमी साड्या नेसून. अर्ल दारात उभा, हाताला रक्त, तोंडभर हसू. ट्रकमधून चार पाय वर आलेले!

वसंताची बायको किंचाळली. शालन मात्र शांत. म्हणाली, "अर्ल, टुडे देवी. टुमॉरो मीट."

अर्लनं टोपी काढली. आतल्या कलशाकडं एकदा बघितलं. "येस मॅम," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मटण साफ करून, कागदात बांधून आणून दिलं.

पुढं पुढं डिसेंबर लागला की वर्कशॉपात गुरुवारी अर्लच्या डब्यात नुसतं चीज सँडविच असायचं. फोरमननं विचारलं, "हॅम कुठं गेलं?"

अर्ल म्हणाला, "आज लेडीचा दिवस आहे."

* * *

पाटील आम्हा दोघांना एकदम दिसला तो तिसऱ्या सीझनला.

सकाळची वेळ. गवताच्या काडीकाडीवर दव गोठलेलं. ऊन आलं आणि सगळी टेकडी काचेची झाली. त्या काचेतून तो चालत आला. पायाखाली काच फुटेल म्हणून की काय, इतका हळू! तोंडातून वाफ. शिंगांवर ऊन. मी आजपर्यंत घोडे बघितले, बैल बघितले, इनामदाराकडं सांबर बघितलं. असलं काही बघितलं नाही. अर्लनं बंदूक उचलली. साठ पावलं, समोर मोकळं, बाजू वळवलेली. कोणी धक्का दिला तरी नेम चुकणार नाही!

आमचं कुलदैवत खंडोबा. स्वतः शिकारी देव. भारी काही दिसलं की आमच्या घराण्यात आपोआप तोंडातून निघतं. माझ्याही निघालं. टेकडी दुमदुमली.

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

पाटील एका उडीत नाहीसा झाला. शेपटीचा पांढरा झुबका तेवढा दिसला.

अर्ल माझ्याशी चार दिवस बोलला नाही. म्हणजे चाळीस शब्द वाचले त्याचे. पाचव्या दिवशी लेथ बंद करून आला.

"तू त्याला काय म्हणालास?"

"त्याला नाही. देवाचं नाव घेतलं."

अर्लनं हात पुसले. "देवाचं नाव मीपण घेतलं होतं," तो म्हणाला. "पण मनात!"

* * *

आमची निमा इथंच वाढली. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. सतराव्या वर्षी म्हणाली, "आय वॉन्ट टू कम." शालननं तोंड वाकडं केलं, मी म्हटलं चल. सेफ्टीचा क्लास तिनं आधीच पास केला होता, लेखी.

मचाणावर मला घेईनात! "बाबा, यू टॉक," म्हणाली. मी ट्रकमध्ये बसलो, माझ्याच पोरीनं बसवलं म्हणून. ती आणि अर्ल वर.

नऊच्या सुमाराला बार झाला. एकच. धावत गेलो. दोन वर्षांचा नर पडलेला, एका गोळीत. निमा बाह्या सरसावून उभी. अर्ल झाडाला टेकलेला, आणि त्याच्या गालावर पाणी. मला वाटलं थंडीनं.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं. मधोमध काळं, नुसतं कडेकडेनं दिसतं. लेथ हाताच्या सवयीनं चालतो. डॉक्टर म्हणतो, तेही जाणार. तुझ्या पोरीला कळलं. बंदूक खांद्याला लावून ती माझ्या कानात सांगत होती. आता पाऊल टाकलं. आता कान हलवला. आता आपल्याकडं बघतंय. सगळं दाखवलं तिनं मला. आणि मग मारलं."

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत निमानं सुरी काढली.

"बाबा, होल्ड द लेग. अँड डोंट टॉक."

तुम्हाला सांगतो, इतक्या सफाईनं डॉक्टरनं काय पोट उघडलं असतं! मी पाय धरून बसलो.

* * *

त्याच्या पुढच्या सीझनला अर्लनं बंदूक आणलीच नाही. अंधार उजेड कळायचा, बाकी काही नाही. जमीन भाच्याच्या नावावर करायचं ठरलेलं, म्हणजे त्या रानातली ही शेवटचीच वेळ.

ट्रकमध्ये म्हणाला, "पटील आला तर तू मार. पण आधी मला सांग. पोरीनं सांगितलं तसं. सगळं सांग. आणि पडला की माझा हात धरून ने. शिंगांची टोकं मोजायचीत मला."

मी म्हटलं, "बोलायचंच काम ना? ते माझ्यावर सोड!"

ओकच्या बुंध्याशी त्याला स्टुलावर बसवलं. त्याचा कोट पातळ, म्हणून माझा दिला, तोच, दारामागचा. शिकाऱ्यांना सक्तीचं ते नारिंगी जाकीट वरून. मी मागं चढावर, वीस पावलांवर. पाच दिवस बसलो. हरणी दिसल्या, पिल्लं दिसली. मी सगळं सांगायचो, अर्ल मान डोलवायचा. शेवटच्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच दव, तशीच काच.

पाटील ओढ्याकडून आला. म्हातारा झालेला. तोंड पांढरं, पाठ खाली गेलेली, पण शिंगं तीच, उजवं कानावरून वळलेलं. वारा अर्लकडून त्याच्याकडं. आता पळणार, असं मनात आलं. पळाला नाही. नाक वर करून हुंगलं आणि सरळ अर्लकडं चालत आला. दहा पावलं. पाच. मी बंदूक उचललेली, पण अर्ल मध्ये.

अर्लचे हात गुडघ्यांवर होते, हातमोजे काढलेले. पाटलानं मान लांब केली आणि कोटाच्या बाहीला नाक लावलं. मग खाली आणत आणत अर्लच्या उघड्या हाताला. त्याची वाफ अर्लच्या बोटांवरून जाताना मला दिसली. अर्ल हलला नाही. झाडसुद्धा इतकं स्थिर उभं राहत नाही.

किती वेळ, देवाला माहीत.

मग पाटील वळला. पंधरा पावलं गेला आणि थांबला, आडवा, मोकळ्यावर. अर्ल बाजूला, मध्ये काही नाही. माझं बोट घोड्यावर होतं. तो उभा राहिला, भरपूर वेळ. मग झाडीत गेला.

मी उतरून अर्लच्या शेजारी बसलो. तो हात तसाच पुढं धरून होता, ओला झालेला.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "अर्ल, कळलं का कोण होतं?"

"पटील."

"दिसला?"

"नाही."

"मग कसं कळलं?"

अर्ल हसला.

"सहा वर्षांत पहिल्यांदा तू गप्प झालास!"